दापोलीजवळ गावचं घर : कौलं ठेवावीत की स्लॅब टाकावा? सल्ला हवाय

गावचंघर :
नमस्कार मंडळी, निर्णयाची जरा घाई आहे म्हणून सविस्तर लिहितोय. दापोलीपासून थोडं आत आमचं घर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगलोरी कौलं, साधारण 800 स्क्वेअर फूट. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात एक पाखं (छपराची एक उतरती बाजू) निम्मं उडालं, तेव्हा जमेल तसं सावरलं, पण आता वासे वाळवीने पोखरलेत, रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) तर हाताने मोडतात, त्यामुळे छप्पर पूर्ण उतरवायचंच आहे. भाऊ म्हणतो स्लॅब टाकू, दरवर्षीची कटकट संपेल, माकडं कौलं फोडतात तेही थांबेल, पुढेमागे वर दोन खोल्या काढता येतील. बाबा कौलंच म्हणतायत. पण घरात आई-बाबा दोघंच, बाबा 72 चे, वर चढणार कोण? कौलं परतायला (काढून, साफ करून परत लावायला) माणूस मिळत नाही हो आता.

वळचण :
आमचं संगमेश्वरकडे आहे. 2009 ला स्लॅब टाकला, सगळ्यांनी कौतुक केलं. चौथ्या पावसाळ्यात माजघराच्या कोपऱ्यात ओल दिसली, मग पोपडा सुटला, स्टुलावर चढून बघितलं तर आतली सळई गंजून फुगलेली, बोट लावलं की लाल भुकटी खाली. ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) केला, दोन वर्षं बरी गेली आणि परत तेच. शेवटी वर पाइप उभे करून पत्र्याची शेड मारली. आमच्या वाडीत स्लॅबची सात घरं आहेत, सहांवर आज पत्रा आहे. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च. शेडखाली आमसुलं, लाकडं, कपडे सुकतात, तो फायदा आहे, नाही म्हणणार नाही. पण एप्रिल-मेमध्ये शेड नव्हती तेव्हा रात्री बारापर्यंत स्लॅब आग ओकायचा, आई अंगणात झोपायची.

साइटवरचा :
दादा, आधी एक सांगा, चिरे मातीत बांधलेत की सिमेंटमध्ये? मातीत असतील तर भावाला थांबवा. पाच इंची स्लॅबचं नुसतं स्वतःचं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातं, मंगलोरी कौलं चौरस मीटरला 15 च्या आसपास लागतात, एकेक अडीच-तीन किलोचं, म्हणजे 40-45 किलो. जुन्या भिंतीवर सरळ स्लॅब ठेवू नका, कॉलम-बीम वेगळे उभारावे लागतील आणि मग ते नवीन घरच झालं.
मी असतो तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सांगाडा, त्यावर पत्रा, पत्र्यावर रिपा आणि वर कौलं केली असती. माकडाने कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून खाली जातं, बाबांना भर पावसात वर चढायची वेळ येत नाही, दिवाळीनंतर निवांत कौल बदला. उतार 25-30 अंश ठेवा, त्याहून कमी केलात तर वाऱ्याच्या झडीत पाणी कौलाखाली उलटं चढतं. आणि कडेच्या, आढ्याजवळच्या (छपराच्या माथ्याजवळच्या) ओळी तारेने बांधून घ्या, कौलाला मागे त्यासाठी भोक असतंच, पण ते काम कोणी करत नाही आणि वादळात पहिल्यांदा कडाच उचलली जाते. टाकीसाठी फक्त बाथरूमवर छोटा स्लॅब घाला.

माळवद :
आमच्या लातूरकडं उलटं बघा. जुनी घरं सगळी माळवदाची, लाकडावर पांढऱ्या मातीचा थर, सपाट. पाऊसच कमी, त्यामुळं उन्हाळ्यात माणसं वर झोपतात. पण तुमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाणी पडतंय, तिथं पाणी थांबूच द्यायचं नाही.

मालवणातली :
जुनी कौलं फेकू नका हां. एकेक हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर त्याला चीर आहे. शेवाळ ब्रशने काढून उन्हात वाळवा. स्वयंपाकघरावर काचेचं कौल हवं असेल तर त्याखालचा पत्रा कापून पारदर्शक तुकडा आधीच बसवून घ्या, मागून ते काम नीट होत नाही.

गावचंघर :
बाबांना विचारलं, भिंती मातीतच आहेत, आजोबांनी बांधलेल्या. भावालाही धागा वाचायला दिला, तो वजनाच्या हिशेबापाशी गप्प झाला. पत्रा आणि वर कौलं हे आम्हा तिघांनाही पटलंय. @साइटवरचा, काम मार्चमध्ये सुरू केलं तर मे अखेरीपर्यंत होईल का?

साइटवरचा :
होईल, पण सांगाड्याचं माप आणि वेल्डरची तारीख आत्ताच पक्की करा, मेमध्ये आमच्याकडे सगळ्यांचीच घाई असते. कौलं उतरवाल तेव्हा भिंतींवर प्लास्टिक टाका, वळवाचा पाऊस कधीही येतो.