आठवड्याभराच्या कचऱ्यात घरच्यांचा फोटो, कुणी काढलाय का?

पंचवटीकर: तो अमेरिकन फोटोग्राफर ग्रेग सेगल, त्याने २०१४ मध्ये लोकांना त्यांच्याच ७ दिवसांच्या कचऱ्यात झोपवून वरून पोर्ट्रेट काढले होते, तसं सोसायटीत करायचंय पण ओल्या कचऱ्याचं काय करू, वास मारेल ना?

गंगापूररोडवाली: ओला रोज घंटागाडीत टाक रे, सुकाच साठव. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळव नाहीतर मुंग्या लागतात. आमच्या २१ निघाल्या, आई म्हणे एवढ्या आपल्या नाहीतच!

कॅमेरावेडा: गच्चीवर सकाळी लवकर काढ, नंतर उन्हात प्लास्टिक नुसतं चमकतं. शिडी धरायला कुणीतरी ठेव. ब्लेड, काचा नकोच.

पंचवटीकर: बाबा तयार झाले, पण म्हणे बनियनवर नाही झोपणार 😀