मदत हवी आहे: मालवेअरचे नमुने खुले करायचेत, पण त्यांच्या पोटातल्या टोकनचं काय करू?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रबंधासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बनावट एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपच्या) फाइल्स जमवल्या आहेत. 'आरटीओ चलन', 'लग्नपत्रिका' वगैरे, ओळखीच्यांनीच पाठवलेल्या. गाइड म्हणतात, पेपरसोबत डेटासेटही खुला कर. मलाही पटतं. अजून कित्येक पेपर 'ड्रेबिन' या मालवेअरच्या जुन्या डेटासेटवर चालतात: ५,५६० नमुने, २०१० ते २०१२ सालचे. त्यात आपली चलनवाली फाइल कुठून असणार?

घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एक 'चलन' फाइल डीकंपाइल केली (आतला कोड उलगडला), तर टेलिग्राम बॉटचं टोकन, म्हणजे बॉट चालवायची किल्लीच, कोडमध्ये उघडं. फोनवर आलेला प्रत्येक एसएमएस, ओटीपीसकट, त्या बॉटमार्फत चोराकडे जातो. दुसरीत फायरबेसचा (गूगलच्या ऑनलाइन डेटाबेसचा) पत्ता आहे. तो डेटाबेस नीट बंद केलेला नसेल, तर माझा डेटासेट उतरवणारा कुणीही फसलेल्या लोकांचे मेसेज वाचू शकेल. (मी तिकडे डोकावलेलो नाही.)

टोकन खोडलं की फाइलचा हॅश (तिची ओळख पटवणारा ठसा) बदलतो, डिजिटल सिग्नेचर मोडते आणि ती मूळ फाइल राहत नाही. 'एम्बर' डेटासेटसारखी नुसती फीचर्स (फाइलमधून काढलेली वैशिष्ट्यं) दिली, तर नवीन फीचर शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. 'सोरेल' डेटासेटवाल्यांनी २०२० मध्ये फाइलच्या हेडरमधल्या दोन नोंदी शून्य करून फाइल्स निकामी केल्या. पण माझी भीती फाइल चालण्याची नाहीच.

मग लक्झेंबर्गच्या 'अँड्रोझू' या अ‍ॅप-संग्रहासारखं अर्ज घेऊनच द्यावं का? पण अर्ज तपासणार कोण? अँड्रॉइड मालवेअर जीनोम प्रकल्पाने १,२६० नमुने वाटले आणि २०१५ च्या अखेरीस वाटप थांबवलं. कारणांत एक हेही होतं की त्यातले विद्यार्थी पास होऊन गेले. मीही जूनमध्ये बाहेर पडणार.

जाणकारांनी सांगावं, असा डेटा आपल्याकडे कुणी दिलाय का?

प्रतिसाद १: आधी टोकन आणि पत्ते सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवा. टेलिग्राम, गूगललाही. ते बंद झाले की मूळ फाइल द्या, पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये. तोवर हॅश आणि फीचर्स जाहीर करा. अर्जांची जबाबदारी स्वतःकडे ठेवू नका, विभागाच्या सामाईक मेलवर टाका. गाइड तर कुठे जात नाहीत ना!

धागाकर्ता: धन्यवाद, मेल आजच टाकतो. पण टोकन खरंच बंद झालं की नाही, हे ते न वापरता कसं कळणार? एक साधी रिक्वेस्ट मारून बघणं कायद्यात बसतं का?