मदत हवी आहे: इंजेक्टर क्लीनरची कंपनी बदलली, टाकी रिकामी करू का?

पन्हाळावारा
नमस्कार मंडळी. तीन वर्षं एकच इंजेक्टर क्लीनर (इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करणारी बाटली) टाकीत ओतत आलोय. तो आता दुकानात मिळत नाही. काउंटरवरच्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली, "तेच काम करतं" म्हणाला. टाकी निम्मी असताना ती ओतली. आता सिग्नलला एसी चालू असला की गाडी थरथरते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला अडखळते. दोन कंपन्यांची रसायनं एकत्र आली की काही होतं का? मध्ये किती अंतर ठेवायला हवं होतं? शनिवारी आईला घेऊन गोंदवल्याला जायचंय, कृपया लवकर सांगा.

आजराघाट
गाडी कोणती? पेट्रोल की डिझेल? कोणत्या सालची?

काकाडिझेल
बाटल्यांच्या नादाला लागूच नका. मी वर्षानुवर्षं डिझेलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घालतोय, पंप एकदम मऊ चालतो.

रेवदंडा
काका, जुन्या यांत्रिक पंपाला ते चाललं असेल. बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, असतो. ऑइलमधली राख त्यात साठत जाते आणि ती जळून जात नाही. कृपया कुणी वाचून करून बघू नका.

पन्हाळावारा
पेट्रोल आहे. १.२ लिटर, चार सिलिंडर, २०१७ चं मॉडेल. आता उत्तर द्या.

लाँगड्राइव्ह
क्लीनर हवाच कशाला? प्रीमियम पेट्रोल भरा, त्यात डिटर्जंट असतंच. मी ९५ ऑक्टेनच भरतो, गाडी लोण्यासारखी पळते.

आजराघाट
प्रीमियमचे जादा पैसे वाया जातात. साध्या गाडीला ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची आपोआप न भडकण्याची ताकद, वाढवून काही मिळत नाही. नॉकिंग होत असेल, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून इंजिन ठकठकत असेल, तर गोष्ट वेगळी.

लाँगड्राइव्ह
मी ऑक्टेनचं बोलतच नाहीये, डिटर्जंटचं बोलतोय. नीट वाचा.

रेवदंडा
पन्हाळावारा, दोन प्रश्न. थरथर नवी बाटली ओतायच्या आधीपासून होती का? आणि नव्या बाटलीवर नेमकं काय लिहिलंय? पुढचं मोठ्या अक्षरातलं नको, मागचं बारीक सांगा. मी इंधनाच्या प्रयोगशाळेत काम केलंय, "तेच काम करतं" एवढ्यावर मी तरी कुठलीच बाटली ओतणार नाही.

ऊसपट्टा
सगळा दोष इथेनॉलचा आहे. २०२३ मध्ये ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सुरू झालं, आता पंपावर दुसरं मिळत नाही. मायलेज पडलंच. आणि आमच्या उसाचं इथेनॉल करून कारखाने पैसे कमावतात, आम्हाला एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवलेला किमान भाव, १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, तो पाळतं कोण?

आजराघाट
आता इथेनॉल मक्यापासूनही बरंच होतं, नुसतं उसावर नाही राहिलं.

ऊसपट्टा
मक्याचं कौतुक आम्हाला सांगू नका. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली तेव्हा झळ कुणाला बसली?

पन्हाळावारा
उसावर वेगळा धागा काढा, विनंती. थरथर आधीही थोडी होती, म्हणूनच क्लीनर सुरू केला होता. आता जास्त आहे. बाटलीवर मागे "ऑक्टेन वाढवते" आणि "एमएमटी" असं लिहिलंय.

रेवदंडा
मग ही कंपनीची अदलाबदल नाहीच. पहिली बाटली साफ करणारी होती, दुसरी ऑक्टेन बूस्टर आहे. दोन क्लीनर एकत्र आले तर फार काही बिघडत नाही, फक्त डोस दुप्पट होतो आणि न जळलेला भाग थोडा इंजिन ऑइलमध्ये उतरतो. म्हणून एक टाकी संपवून दुसरा घालावा, तोही ऑइल बदलायच्या थोडं आधी. एवढंच अंतर.

एमएमटी म्हणजे मँगनीजचं संयुग. ते जळलं की मँगनीजचं ऑक्साइड उरतं आणि ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकावर व धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतं. तुम्हाला बूस्टरची गरजही नव्हती. बीएस६ चं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई२० मध्ये ते ९५ च्या घरात जातं. इथेनॉलनेच ऑक्टेन वाढलेला आहे.

मायलेजबद्दल ऊसपट्टा यांचं बरोबर आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, ती घट कुठल्याच बाटलीने भरून निघत नाही.

नाट_बोल्ट
भावा, टाकीबिकी रिकामी करू नको. एक प्लग काढून बघ की. पांढरं चिनीमातीचं नाक गेरू फासल्यासारखं लाल दिसलं तर समजायचं बाटलीचा प्रताप. तो थर तापला की वीज त्याच्यावरनंच निसटती, ठिणगी नीट पडत नाही. घासत बसू नको, चारही बदल. आणि पहिली थरथर वेगळी हाय. थ्रॉटल बॉडी, म्हंजे इंजिनात हवा सोडणारी झडप, कधी साफ केलीस?

पन्हाळावारा
सर्व्हिसमध्ये करतात ना? तीन वर्षं क्लीनर टाकतोय, कार्बन कसा असेल?

नाट_बोल्ट
बाटली पेट्रोलात जाती, पेट्रोल इंजेक्टरपाशी. थ्रॉटल त्याच्या आधी, हवेच्या वाटेवर. तिथं टाकीतला थेंब पोचतच नाही. किती बी ओत. ब्रीदरच्या नळीतनं इंजिनातली ऑइलची वाफ येऊन झडपेच्या कडेला काळा चिकट थर धरतो, झडप मिटली की हवेला फट राहत नाही. एसीचा लोड आला की इंजिन गुदमरतं. सर्व्हिसच्या बिलात वेगळी ओळ असती, बघ.

लाँगड्राइव्ह
म्हणजे प्रीमियम पेट्रोलनेही थ्रॉटल साफ होणार नाही?

रेवदंडा
नाही. आणि ज्यांच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो, त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीलाही पेट्रोल लागत नाही. तिथला कार्बन बाटलीने जात नाही, उघडूनच काढावा लागतो. पन्हाळावारांच्या गाडीत बहुधा पोर्टात, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीच्या वाटेत, फवारा आहे, त्यामुळे जुन्या क्लीनरचा इंजेक्टर आणि व्हॉल्व्हला उपयोग झाला असणार. पुढचा घेताना पीईए, म्हणजे पॉलिइथर अमाइन असलेला बघा. ते ज्वलनकक्षातल्या उष्णतेला टिकतं आणि तिथला थरही काढतं.

काकाडिझेल
चेक इंजिनचा दिवा लागलाय का, ते कुणीच विचारलं नाही.

पन्हाळावारा
काका, काल चढावर दोनदा लुकलुकला. मग बंद झाला.

रेवदंडा
हे आधी सांगायला हवं होतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे सिलिंडर मिसफायर होतोय, त्यातलं पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून आतून वितळू शकतो, आणि त्याच्या किमतीपुढे प्लग काहीच नाहीत. प्लग बदलेपर्यंत गाडी लांब नेऊ नका. गोंदवल्याला दुसरी गाडी बघा.

पन्हाळावारा
आजच गॅरेजला नेली. चारही प्लग लालच निघाले, फोटो खाली टाकतोय. नवे घातले, अडखळणं गेलं, दिवाही लागला नाही. एसीवरची थरथर मात्र थोडी आहेच. थ्रॉटल सोमवारी काढतो म्हणालेत. आईला भावाच्या गाडीने नेतो. टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच जाळू का?

रेवदंडा
निम्मी टाकी शिल्लक असेल तर साधं पेट्रोल भरून पातळ करा आणि वापरा. ती बाटली मात्र पुन्हा नको.

नाट_बोल्ट
सोमवारी थ्रॉटल साफ झाला की आयडल, म्हंजे उभ्या गाडीचा आरपीएम, परत शिकवायला सांग, स्कॅनर लागतो त्याला. नुसतं फवारून पुसून दिलं तर आरपीएम वर-खाली होत राहतो, आणि मग तू परत बाटली शोधत फिरशील.