मदत हवी आहे : नेपाळला एकटा जातोय, एव्हरेस्ट बेस कँप की अन्नपूर्णा सर्किट?

घाटवाट२२ :
मेकॅनिकलचा शेवटचा पेपर परवा दिला. नोकरीचं पत्र हातात आहे, हजर व्हायला अजून वेळ आहे. एकदा कामाला लागलो की सलग वीस दिवस सुट्टी कोण देणार, म्हणून आत्ताच जायचं ठरवलंय. मोठा ट्रेक, परदेशात, स्वतःच्या पैशाने. दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेत. तिघं जाणार होतो, दोघं गळाले, आता एकटाच.
एव्हरेस्ट बेस कँप करू की अन्नपूर्णा सर्किट? दोन्हींबद्दल इतकं वाचलंय की काही ठरेनासं झालंय. रविवारी तिकीट काढायचंय. अलंग-मदन-कुलंग, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, सगळं झालंय, तेव्हा 'जमेल का' हा प्रश्नच नाही. आणि कृपा करून 'जाऊ नकोस' म्हणू नका, ते घरी रोज ऐकतोय.

कातळटोपी :
महिना कोणता? बजेट किती? हिमालयात आधी गेला आहेस का? हे तीन कळल्याशिवाय काय सांगणार.

पाचवा_मैल :
डोळे झाकून बेस कँप. मी ऑक्टोबरात केला. लुक्ल्याला (२,८६० मी.) विमानाने उतरायचं, नामचे बाजारला (३,४४०) दोन रात्री, मग तेंगबोचे, दिंगबोचेला (४,४१०) परत दोन रात्री, लोबुचे, गोरखशेप आणि बेस कँप ५,३६४ मीटर. एक गोष्ट आधीच सांगतो, बेस कँपवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही. त्यासाठी जवळची काला पत्थर टेकडी चढावी लागते. सगळे पहाटे जातात, तेव्हा सूर्य एव्हरेस्टच्या मागून येतो. मी संध्याकाळी गेलो होतो. मावळतीचा उजेड थेट त्या काळ्या भिंतीवर पडतो आणि हळूहळू ती आतून तापल्यासारखी लाल होते. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही अंगावर काटा आला.

सोनौली_मार्गे :
बेस कँपला निम्मं बजेट लुक्ल्याच्या विमानात जातं. त्यापेक्षा कुर्ल्याहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमा पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवाहून पोखऱ्याची बस. शंभराच्या नोटा घेऊन जा, आपला शंभर म्हणजे त्यांचे १६०, हिशेब सोपा.
सर्किटमध्ये भातखाचरांपासून सुरुवात होते आणि मनांग गावाच्या पुढे एक झाड दिसत नाही. वाटेतली सगळ्यात उंच खिंड थोरोंग ला, ५,४१६ मीटर. ती उतरलात की मुक्तिनाथ, १०८ धारा. खाली काली गंडकी. आपल्या देवघरातला शाळिग्राम त्याच नदीतला. माझी आजी रोज त्याला तुळस वाहायची, मी पाण्यात हात घालून उभा राहिलो आणि तिचीच आठवण आली.

पाचवा_मैल :
आता मनांगपर्यंत जीप जाते. चालणाऱ्याने जीपची धूळ खायची?

सोनौली_मार्गे :
रस्ता सोडून पलीकडच्या काठाने पायवाटा आहेत, लाल-पांढऱ्या खुणा केलेल्या. शोधणाऱ्याला सापडतात. आणि नामचेच्या वाटेवर ऑक्टोबरात जी रांग लागते, तिचं काय?

मेतकूट_भात :
खायला काय नेणार ते कुणी विचारलंच नाही. आमच्या मुलाला मी नाचणीचं सत्त्व, मेतकूट आणि तूप-गुळाच्या वड्या दिल्या होत्या. वड्या थंडीत दगड होतात, त्यापेक्षा सुकं खोबरं आणि खजूर बरा.

सोनौली_मार्गे :
ताई, तिकडे दालभात मिळतो, आणि पोट भरेपर्यंत पुन्हा वाढतात. ओझं कशाला?

मेतकूट_भात :
दहाव्या दिवशी पण तोच दालभात खाववतो का, ते सांगा.

घाटवाट२२ :
सगळ्यांचे आभार, पण कुठला ते ठरत नाहीये अजून. बजेट साठ हजार. हिमालयात गेलेलो नाही. २८ जूनला निघेन, १८ ऑगस्टला नोकरीवर हजर व्हायचंय.

कातळटोपी :
अठ्ठावीस जून!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तो ऐन पावसाळा आहे. वरती दोघांनी जे लिहिलंय ते सगळं ऑक्टोबरचं आहे. तुला डोंगर दिसणार नाहीत, ढग दिसतील. लुक्ल्याची धावपट्टी ५२७ मीटरची, उतारावर, समोर डोंगर. वैमानिक डोळ्यांनी बघून उतरवतो. ढग असले की विमान नाही, आणि पावसाळ्यात ते चार-चार दिवस असतात. शिवाय खालच्या जंगलात जळवा.

घाटवाट२२ :
पावसात सह्याद्रीत दर आठवड्याला असतो. जळवांची भीती नाही.

कातळटोपी :
जळवांसाठी नाही सांगत, रस्त्यांसाठी सांगतोय. १२ जुलै २०२४ ला नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड आली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस मर्स्यांगदी नदीत कोसळली, त्यात आपले भुसावळ-वरणगावकडचे यात्रेकरू गेले. मी जळगावचा आहे. त्या गावांत त्या आठवड्यात काय होतं ते पाहिलंय. सर्किटची सुरुवात त्याच मर्स्यांगदीच्या खोऱ्यातून आहे.

वाळवंटी_वारा :
सरसकट घाबरवू नका. अन्नपूर्णा आणि धवलगिरीच्या पलीकडे पर्जन्यछाया आहे. जोमसोम, कागबेनी, मनांग, तिथे पाऊस फार कमी. मी जुलैत जोमसोम भागात दहा दिवस होतो, दोनदा भुरभुर आली, बस.

कातळटोपी :
आणि जोमसोमला पोहोचलात कसे?

वाळवंटी_वारा :
पोखऱ्याहून जीपने. वाटेत दरड होती, एक रात्र घासा गावाजवळ अडकलो. नाकारत नाही.

कड्यावरची_लायब्ररी :
हंगाम चांगला म्हणजे सुरक्षित असंही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाचं उरलेलं शेपूट थोरोंग ला आणि आसपासच्या भागात बर्फ होऊन पडलं, चाळीसहून जास्त माणसं गेली. हंगाम कुठलाही असो, हवामान बघून एक दिवस मुक्काम वाढवायची तयारी हवी. तुझ्या वीस दिवसांत तो जादाचा दिवस धरलाय का? आणि एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केलाय. एव्हरेस्टकडच्या स्थानिकांनी तो नियम मानला नाही, पण अन्नपूर्णेकडे एकट्याने जाणं गृहीत धरू नकोस. गाईडचे पैसे साठ हजारांत मोजलेस का?

घाटवाट२२ :
गाईडचं माहीत नव्हतं. नाही धरले.

भूलतज्ज्ञ_पुणे :
उंचीबद्दल कुणी बोललं नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. सह्याद्रीत पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. उलट दणकट पोरं वेगात चढतात आणि जास्त त्रास करून घेतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर खाली, रात्र असली तरी. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेला आणि सर्किटवर मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची उपचार केंद्रं हंगामात चालतात, जूनअखेरीस तीही मिळतील असं धरू नकोस. काही ॲलर्जी, दमा, जुना आजार?

लसूणघास :
आमच्या ग्रुपमध्ये सगळे रोज लसणाचं सूप प्यायले, कुणाला काही झालं नाही. गोळ्यांच्या मागे लागू नका.

भूलतज्ज्ञ_पुणे :
सूप गरम असतं, पोटात पाणी जातं, तेवढा फायदा खरा. पण त्याच्या भरवशावर कुणाला ५,४०० मीटरवर पाठवू नका.

घाटवाट२२ :
दमा नाही. लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर गांध्या उठल्या होत्या, आई सांगते.

भूलतज्ज्ञ_पुणे :
मग डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. ती त्याच कुळातली. डॉक्टरांना समोरासमोर भेट, आईला बरोबर ने, नेमकं काय झालं होतं ते तिलाच ठाऊक. आणि विमा घेताना किती मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय ते अटींमध्ये वाच, जाहिरातीत नाही.

दोर_आणि_गाठ :
हे सगळं सोडून उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स कर. महिन्याभरात बर्फावर चालणं, दोर, तंबू, सगळं शिकवतात. माझं आयुष्य बदललं त्या कोर्सने.

सोनौली_मार्गे :
त्याने परदेशी ट्रेक विचारलाय. आणि त्या कोर्सच्या जागा कितीतरी महिने आधी भरतात.

दोर_आणि_गाठ :
परदेशाचं काय एवढं? न शिकता पाच हजार मीटरवर जाण्यापेक्षा बरं.

घाटवाट२२ :
परदेश यासाठी की आमच्या घरातून आजवर कुणी सीमा ओलांडलेली नाही. वडील एसटीत आहेत, आख्खा महाराष्ट्र फिरले, त्याच्या बाहेर फारसे नाहीत. मला पहिला शिक्का हवाय. थोडं बालिश वाटेल, पण तसं आहे.

आल्मा_आता :
अजिबात बालिश नाही. शिक्काच हवा तर पावसाळा नसलेला देश निवड. जुलै-ऑगस्ट हा मध्य आशियाच्या डोंगरांचा हंगाम आहे. कझाकस्तानला भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, जुलै २०२२ पासून. दिल्लीहून अल्माटी विमानाने साडेतीन-चार तास. शहराच्या डोक्यावरच डोंगर. बिग अल्माटी पीक ३,६८० मीटर. तिथून तीनेकशे किलोमीटरवर कोलसाईची तळी, जवळच काइंदी. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून दरी अडली आणि ते तळं झालं, पाण्यात अजून देवदारासारख्या झाडांचे सुकलेले खांब उभे आहेत. तुझ्या बजेटात, आणि पाच हजार मीटरचा प्रश्नच नाही.

वाळवंटी_वारा :
मग सरळ किर्गिझस्तान. काराकोलहून आला-कुल तळ्याचा तीन दिवसांचा ट्रेक, खिंड ३,९०० च्या आसपास, पलीकडे अल्तिन अराशानला गरम पाण्याची कुंडं.

आल्मा_आता :
सुंदर आहे, पण तिकडे ई-व्हिसा लागतो आणि त्याचे नियम मधूनमधून बदलतात. याला वेळ कुठे आहे?

मेतकूट_भात :
तिथे शाकाहारी मिळतं का?

आल्मा_आता :
पाव, साय, टोमॅटो-काकडी, भाजीपाल्याचा बाजार उत्तम. गावात जेवण मात्र मांसाचंच. ताई, इथे तुमचं मेतकूट खरंच कामाला येईल.

घाटवाट२२ :
कझाकस्तान आवडलं, खूपच. पण माझा पासपोर्ट नाहीये. मतदार ओळखपत्रावर नेपाळला जाता येतं म्हणून तर नेपाळ ठरवलं होतं.

कातळटोपी :
अरे देवा. तिसऱ्या दिवशी सांगतोयस.

कड्यावरची_लायब्ररी :
ओरडू नका त्याला, ज्याच्या घरात कधी पासपोर्ट नव्हता त्याला हे कसं सुचणार. तत्काळमध्ये अर्ज कर, साध्या ३६ पानी पुस्तिकेला ३,५०० रुपये. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र अशी तीन कागदपत्रं लागतात, तिन्हींवर नाव एकाच स्पेलिंगचं आहे ना ते आज बघ, तिथेच लोक अडकतात. पोलिस पडताळणी बऱ्याचदा पासपोर्ट हातात आल्यावर होते, घरचे पत्त्यावर असू देत. तिकीट मात्र पासपोर्ट हातात आल्याशिवाय काढू नकोस.

एका_मुलीची_आई :
माझी लेक शिक्षण आणि नोकरीच्या मधल्या तीन महिन्यांत एकटीच गेली होती, व्हिएतनामला. मी पहिले चार दिवस झोपले नाही. मग आमचं ठरलं, रोज रात्री एक निरोप, दोनच शब्द, 'पोचले, जेवले'. त्यावर मी जगले. तुझे आईबाबा 'नको' म्हणतात तेव्हा त्यांना डोंगराची नाही, कळणार नाही याची भीती असते. मुक्कामांची नावं एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव. वडिलांना नकाशा दाखव, एसटीतला माणूस आहे, रस्ता त्यांना तुझ्याआधी समजेल.

घाटवाट२२ :
पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं. आज दुरुस्तीचा अर्ज केला, पासपोर्टची वेळ पुढच्या आठवड्यात मिळतेय. सगळं जुळलं तर २१ जुलै ते २ ऑगस्ट, अल्माटी. बाबांना नकाशा दाखवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, अल्माटी ते कोलसाई गाडी थेट आहे का, आणि शेवटची कितीची. मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत आहे?

आल्मा_आता :
बाबांना सांग, मुक्काम साती गावात करायचा, घराघरांत राहायची सोय आहे. मी गेलो तेव्हा अल्माटीच्या सायरान बसस्थानकाजवळून वाटून घ्यायची गाडी मिळाली, भरली की निघते, वेळापत्रक नाही. म्हणून सकाळी लवकर जायचं आणि आदल्या दिवशी साती गावातल्या घरमालकाला फोन करायचा, बहुतेकदा तेच गाडीवाल्याचा नंबर देतात. परतीची गाडीही त्यांच्याकडूनच ठरवून घे. तिसरं तळं किर्गिझ सीमेजवळ आहे, तिकडे जायचं असेल तर सीमा परवान्याचं आधी विचार, आणि पासपोर्ट खिशात ठेव.

मेतकूट_भात :
पत्ता कळवलास तर मेतकूट पाठवते. अर्धा किलो पुरेल ना?