दुसऱ्याच्या प्लगइनचे कॉलबॅक बदलताना : खान्देशातले अनुभव

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वर्डप्रेसच्या साइट सांभाळणाऱ्यांसाठी हा धागा. गिऱ्हाईक म्हणतं, ‘एवढं इथून काढून टाका’, आणि ते ‘एवढं’ नेमकं कुठल्यातरी प्लगइनने (साइटला जोडलेल्या जादा कोडने) हुकला, म्हणजे वर्डप्रेसमध्ये इतरांचा कोड चालवायला ठेवलेल्या जागेला, अडकवलेलं असतं. अडकवलेल्या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. प्लगइनची फाइल उघडून ओळ खोडली तर पुढच्या अपडेटला ती परत हजर. फाइलला हात न लावता तुम्ही मार्ग कसा काढलात, ते कारणासकट लिहा.

जळगाव
सोप्यापासून सुरू करतो. केळीचे वेफर्स विकणाऱ्यांचं वूकॉमर्सवर (वर्डप्रेसमध्ये दुकान चालवायच्या प्लगइनवर) दुकान आहे. त्यांना किंमत वर्णनाच्या खाली हवी होती. मालाच्या पानावर वूकॉमर्स बहुतेक सगळं एकाच हुकला लावतं : नाव ५ वर, किंमत १० वर, थोडक्यात वर्णन २० वर, खरेदीचं बटण ३० वर. हा आकडा म्हणजे प्रायॉरिटी; लहान आकडा आधी चालतो. ‘रिमूव्ह_ॲक्शन’ने किंमत १० वरून काढली, ‘ॲड_ॲक्शन’ने २५ वर लावली, झालं. मात्र लावताना जी प्रायॉरिटी दिली असेल तीच काढताना द्यावी लागते. कुणी १५ वर लावलंय आणि तुम्ही आकडाच दिला नाही, तर वर्डप्रेस १० धरतं आणि काहीच निघत नाही. एररही दिसत नाही, फंक्शन गुपचूप ‘फॉल्स’ देतं. ते उत्तर मी दरवेळी तपासतो.

अमळनेर
दादा, आकडा बरोबर असूनही अडतं. आमच्याकडे आलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या साइटवर परीक्षेच्या परिपत्रकाखालीसुद्धा शेअरची बटणं यायची. काढायची ओळ आधीच्या डेव्हलपरने लिहून ठेवलेली होती, नाव-आकडा अचूक. पण प्लगइन आपला कॉलबॅक ‘इनिट’वर (प्लगइन लोड झाल्यावर चालणाऱ्या हुकवर) १० ला लावत होतं आणि ही ओळ फाइल लोड होतानाच चालून जायची. अजून लागलंच नाही ते निघणार कसं? तीच ओळ एका फंक्शनमध्ये घालून मी ‘इनिट’वर २० ला लावली, बटणं गेली. मस्ट-यूज फोल्डरमधल्या (आपोआप चालू राहणाऱ्या प्लगइनच्या) फाइली तर साध्या प्लगइनच्याही आधी लोड होतात, तिथे ही काळजी जास्त घ्या.

भुसावळ
खरी परीक्षा क्लासची, म्हणजे ज्या साच्यातून ऑब्जेक्ट बनतात त्याची; त्यातल्या फंक्शनला मेथड म्हणतात. कॉलबॅक साधं फंक्शन असेल तर त्याचं नाव हीच ओळख. स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणाऱ्या) मेथडला क्लास आणि मेथड यांची नावं जोडून चालतं. पण ऑब्जेक्टची मेथड असेल तर वर्डप्रेस त्या ऑब्जेक्टचा हॅश (फक्त त्याचीच अशी खूण) घेऊन ओळख ठरवतं. म्हणजे ‘न्यू’ करून दुसरा ऑब्जेक्ट दिला, तर क्लास तोच असूनही जुळणी होत नाही. वर आणखी एक : पुष्कळ प्लगइन कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच चालणाऱ्या मेथडमध्ये, हुक लावतात. एका मंगल कार्यालयाच्या साइटवर कुणीतरी असाच ‘न्यू’ केलेला होता. बुकिंगचा जुना मेल बंद व्हायचा सोडून प्रत्येकाला दोन-दोन जायला लागले होते.

आधी बघा, प्लगइनने स्वतःचा ऑब्जेक्ट ग्लोबलमध्ये (कुठूनही वापरता येणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) किंवा ‘गेट_इन्स्टन्स’सारख्या मेथडमागे ठेवलाय का. तिथे नसेल तर ‘डब्ल्यूपी_फिल्टर’ या ग्लोबलमध्ये शोधायचा. २०१६ सालच्या ४.७ पासून त्यात प्रत्येक हुकसाठी ‘डब्ल्यूपी_हुक’ क्लासचा ऑब्जेक्ट असतो. त्याच्या कॉलबॅकच्या यादीत आपल्या प्रायॉरिटीखाली क्लास आणि मेथड जुळवायची, सापडलेला ऑब्जेक्ट ‘रिमूव्ह_फिल्टर’च्या (‘रिमूव्ह_ॲक्शन’ही आतून हेच वापरतं) हाती द्यायचा. यादीतून थेट ‘अनसेट’ मात्र करू नका. हुक चालू असताना फेरीची नोंद तो क्लास आतून ठेवतो, ती ‘रिमूव्ह_फिल्टर’च नीट सांभाळतं.

धुळे
भुसावळकर भाऊ, ही पद्धत माझ्या लेखी शेवटचा उपाय. क्लोजर (बिननावाचं फंक्शन) असेल तर जुळवायला नावही नसतं. आते काय करानं? मी काढायच्या भानगडीत पडत नाही. त्यांचा फिल्टर (मजकूर घेऊन, बदलून परत देणारा कॉलबॅक) १० वर असेल तर माझा ९९ वर लावतो आणि त्यांनी परत केलेल्या मजकुरातून नको तेवढं वजा करतो. कोण कुठे लागलंय ते क्वेरी मॉनिटर हे प्लगइन फाइल आणि ओळीसकट दाखवतं.

हुकवरचं सरसकट सगळं काढणाऱ्या ‘रिमूव्ह_ऑल_फिल्टर्स’ला माझा ठाम विरोध आहे. अहिराणी ओव्यांच्या एका साइटवर ते ‘द_कंटेंट’ला (लेखाच्या मजकुराच्या हुकला) लावलेलं सापडलं. जाहिरातीचा डबा गेला, पण १० वरचं, परिच्छेद-ओळी पाडणारं ‘डब्ल्यूपीऑटोपी’ आणि ११ वरचं, चौकटी कंसातले शॉर्टकोड चालवणारं ‘डू_शॉर्टकोड’ही गेलं. जुन्या एडिटरमधल्या ओव्यांच्या चारही ओळी सलग एका ओळीत आल्या, आणि गायिकांच्या फोटोंच्या जागी चौकटी कंसातला ‘गॅलरी’ हा शब्द उघडा पडला. म्हाताऱ्या बायांकडून गोळा केलेलं ते लोकधन तसं बघून फार वाईट वाटलं.

नंदुरबार
छोटीशी भर. हुकला कॉलबॅक लागलाय का ते सांगणाऱ्या ‘हॅज_फिल्टर’ला कॉलबॅक दिला की ते प्रायॉरिटीचा आकडा परत देतं. कुणी ० वर लावलं असेल तर उत्तर ० येतं आणि साध्या ‘इफ’ला ते ‘नाही’ वाटतं. तीन बरोबरच्या चिन्हांनी ‘फॉल्स’शीच ताडून बघा.

शहादा
मी कोड लिहिण्याआधी प्लगइन बनवणाऱ्याला लिहिते. मागे एका प्लगइनच्या पावतीवरचा मजकूर मराठीत आणि आमच्या ढंगाचा हवा होता. त्यांना नेमकी फाइल, ओळ आणि तिथे ‘अप्लाय_फिल्टर्स’ (इतरांना मजकूर बदलू देणारा हुक) कसं बसेल ते पाठवलं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते घेतलं. माझा ऑब्जेक्ट शोधणारा लांबलचक कोड काढून टाकला, आता तिथे एक ‘ॲड_फिल्टर’ आहे.