मदत हवी आहे: पानाचा ओलावा मोजायला छापलेल्या सेन्सरमध्ये चांदीच्या रेघांना काळे फाटे फुटतात

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळ माझं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे. गेली ११ वर्षं मेंब्रेन कीपॅड छापतोय, वजनकाट्यांवर आणि मशीनच्या पॅनेलवर असतात ते. पॉलिएस्टर फिल्मवर चांदीच्या पेस्टने सर्किट छापणं हे रोजचंच काम. पण आता जे झालंय ते कीपॅडमध्ये आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

धाकट्या भावाची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर पाऊस लागला की केवडा रोगाच्या धास्तीने त्याला झोप नसते. पान किती तास ओलं राहिलं हे कळलं तर फवारणी करायची की थांबायचं ते ठरवता येतं. तयार सेन्सर अख्ख्या बागेत एकच परवडतो. खरं तर बांधाजवळचं दव आठ वाजता उडून जातं, खालच्या कोपऱ्यात दहा वाजले तरी पानं चिंब असतात. त्याला सहा ठिकाणचं माप हवंय. म्हटलं, असला सेन्सर तर आपणच छापू.

१२५ मायक्रॉनच्या फिल्मवर दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखी डिझाइन घेतली. रेघ अर्धा मिलिमीटर, मधली फट अर्धा मिलिमीटर. चांदीची पेस्ट, ओव्हनमध्ये १३० अंशांवर १५ मिनिटं. टेलला (जोडणी बाहेर नेणाऱ्या शेपटीला) कीपॅडच्याच दाबून बसवायच्या क्रिंप पिना. एका कंगव्याला कायम ३.३ व्होल्ट, दुसरा रेझिस्टरमधून ग्राउंडला, आणि तिथलंच व्होल्टेज ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड वाचतो. पाणी पडलं की दोन्ही कंगवे जोडले जातात, एवढं साधं.

पहिले चार दिवस सुरेख चाललं. पाचव्या दिवशी पाऊस झाला आणि त्यानंतर भर दुपारच्या उन्हातही सेन्सर ‘ओलं’च सांगतोय. काढून आणला, फडक्याने कोरडा पुसला, मल्टिमीटर लावला तर कंगव्यांमध्ये जेमतेम ३०० ओहम. भिंगाखाली धरल्यावर दिसलं: ग्राउंडकडच्या रेघांच्या कडेपासून नेच्याच्या पानासारखे बारीक काळे फाटे निघून समोरच्या रेघेला टेकलेत. ३.३ व्होल्टकडच्या रेघांच्या कडा मात्र उंदराने कुरतडल्यासारख्या.

मला वाटलं पेस्ट कच्ची राहिली, म्हणून ओव्हनचा वेळ दुप्पट केला. फरक नाही. फट एक मिलिमीटर केली, तर तोच प्रकार फक्त तीन दिवस उशिरा झाला. कुणी हे पाहिलंय का? पेस्ट बदलू की डिझाइन? पुढचा पाऊस यायच्या आत काहीतरी बसवायचंय, भाऊ रोज फोन करतोय.

प्रतिसाद १

दादा, तुमची छपाई चोख आहे. हे चांदीचं स्थलांतर आहे. ओलावा आणि एकाच दिशेचं व्होल्टेज एकत्र आलं की धन बाजूची चांदी आयन होऊन पाण्यात उतरते, ऋण बाजूला जाऊन पुन्हा धातू म्हणून बसते आणि तिथून झाडासारखी वाढत येते. म्हणूनच तुम्हाला एकीकडे कुरतडलेलं आणि दुसरीकडे फाटे दिसले. कीपॅडमध्ये सर्किट दोन फिल्ममध्ये बंद असतं, पाणी आत शिरत नाही, त्यामुळे तुम्हाला हे कधी भेटलं नाही. खात्री करायची तर टेबलावर ताज्या पीसवर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब ठेवा, ५ व्होल्ट लावा आणि भिंगातून बघत बसा. काही मिनिटांत फाटे वाढताना दिसतील.

चांदी उघडी ठेवूच नका. कंगवे कार्बन पेस्टने छापा. कार्बनचा रोध चांदीच्या कितीतरी पट, पण इथे चालतो. हिशेब करा: ४० मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद रेघ म्हणजे एकापुढे एक ठेवलेले अर्ध्या मिलिमीटरचे ८० चौकोन. चौकोनाला २० ओहम धरले तर १,६०० ओहम. दवाचा रोध याच्यापेक्षा खूपच जास्त असतो. चांदी फक्त टेलमध्ये वापरा आणि तिच्यावर यूव्ही डायलेक्ट्रिकचे (अतिनील प्रकाशात सुकणाऱ्या, वीज अडवणाऱ्या शाईचे) दोन हात द्या. एका हातात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

आणि ते कायमचं ३.३ व्होल्ट आजच बंद करा. दोन्ही कंगवे कंट्रोलरच्या पिनांना जोडा. दहा मिनिटांतून एकदा, काही मिलिसेकंद एका दिशेने आणि लगेच तेवढाच वेळ उलट दिशेने व्होल्टेज द्या. बाकी वेळ दोन्ही पिना शून्यावर.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण बागेत आणखी एक अडचण येईल. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा दुसरं काही फवारलं की त्याचा थर सेन्सरवर बसतो. त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पान कोरडं असताना सेन्सर ओलं सांगतो. म्हणून मी तर अख्खा कंगवा डायलेक्ट्रिकखाली झाकून रोधाऐवजी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, जी पाण्याने बदलते) मोजेन. पाण्याचा धातूशी संबंधच येत नाही. ईएसपी३२ च्या टच (स्पर्श ओळखणाऱ्या) पिना यासाठी चालतात, फक्त बोर्ड सेन्सरला अगदी चिकटून ठेवा. लांब वायरचाच कपॅसिटन्स मापात मिसळतो. फिल्म पानासारखी तिरकी लावा, आडवी ठेवली तर पाण्याचं तळं साचतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. थेंबाचा प्रयोग लगेच केला. चहा होईपर्यंत पहिला फाटा अर्ध्या फटीत आला होता. मुलालाही भिंगातून दाखवला, तो हलायलाच तयार नव्हता. तसाच थेंब कार्बनच्या एका जुन्या कीपॅडच्या पट्ट्यांवर ठेवला, तासभरात काहीही उगवलं नाही.

शनिवारी दोन्ही प्रकार छापतोय: तीन पीस उघड्या कार्बनचे, तीन पूर्ण झाकलेले. सहाही एकाच वेलीच्या ओळीत लावून भावाला पहाटे पानांवर हात फिरवून वेळ वहीत लिहायला सांगितलंय. आता एकच विचारायचं राहिलं: यूव्ही डायलेक्ट्रिक उन्हात वर्षभर टिकेल का, की त्यावर पांढऱ्या शाईचा आणखी एक थर द्यावा? कीपॅड सावलीत असतात, त्यामुळे उन्हातला अनुभव माझ्याकडे नाही. कुणी बाहेर उघड्यावर लावलं असेल तर जरूर लिहा.