मदत हवी आहे: बुचातले फेलॉइड नक्की ओळखायचे कसे?

झाडांच्या सालीचे आडवे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतोय. फेलोजेन (बूच तयार करणारा, विभाजन पावणारा थर) सापडतो: चपट्या पेशींचा एकच थर, त्याच्या बाहेर बूच म्हणजे फेलेम, आत फेलोडर्म (त्याच थराने आतल्या बाजूला तयार केलेल्या पेशी). इथपर्यंत ठीक. पण फेलेममध्येच अधूनमधून असे पट्टे दिसतात की ज्यांच्या भिंती सुदान ४ (मेदासारखे पदार्थ रंगवणारं रंजक) चा लाल रंग घेतच नाहीत. म्हणजे तिथे सुबेरिन (बुचाच्या भिंतीतला मेणासारखा, पाणी अडवणारा पदार्थ) नसावं. अशा पेशींना फेलॉइड म्हणतात एवढं माहीत आहे. पाठ्यपुस्तकं मात्र एका ओळीत विषय उरकतात, अगदी जाडजूडसुद्धा.

अडचण अशी की फेलॉइड आणि बूच दोन्ही एकाच फेलोजेनपासून बाहेरच्या बाजूला तयार होतात, त्यामुळे अरीय (आतून बाहेर जाणाऱ्या) रांगाही सलग जुळतात. जागेवरून फरक कळत नाही, भरवसा फक्त रंगावर. आणि छेद अल्कोहोलमध्ये जरा जास्त धुतला गेला तर सुदानचा रंग बुचातूनही उतरतो! मग फेलॉइड कोणते आणि नुसते फिकट पडलेले बूच कोणते?

काही फेलॉइडच्या भिंती जाड आणि लिग्निनयुक्त (लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ असलेल्या) असतात. तेव्हा शेजारच्या दुसऱ्या छेदावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल (लिग्निन लाल रंगवणारी चाचणी) वापरावं का? पण बुचाच्या भिंतीतही लिग्निन असू शकतं, मग त्यावरून काय ठरवणार?

आणखी एक. गुलाब कुळातल्या काही वनस्पतींच्या मुळांवर पॉलिडर्म (अनेक थरांचं संरक्षक आवरण) असतं, त्यातही सुबेरिन असलेले आणि नसलेले थर आलटूनपालटून येतात. त्यातल्या सुबेरिन नसलेल्या पेशींना फेलॉइड म्हणावं की नाही? ज्यांनी स्वतः छेद रंगवले आहेत त्यांनी कृपया सांगा.